अक्षराचा कल : जाड, तिरप्या आणि बिनशेपटीच्या ठशाचा अभ्यास

या स्मरणिकेसाठी मी मराठवाड्याच्या इतिहासावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले होते व मीही ते मान्य केले होते. परंतु मुखपृष्ठावरील नाव कोणत्या अक्षरांत छापावे, यावर बैठकीत तासभर चर्चा झाली. संगणकावर मांडणी करणाऱ्या तरुणाने नाव जाड आणि तिरप्या अक्षरांत करून आणले होते. ते सर्वांना आवडले. मी एकट्याने हरकत घेतली. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "सर, हरकत घ्यायची तर कारण लिहून द्या." हा लेख म्हणजे ते कारण होय. ते मात्र एका वाक्यात मावणारे नाही.

हरकतीचे मूळ दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगात आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आम्ही फ्लेक्सचा मोठा फलक करवून घेतला. त्यावर बुद्धं, धम्मं, संघं हे तीन शब्द ठसठशीत, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत होते. लांबून फलक झोकदार दिसे. कार्यक्रमानंतर आमच्या एका विद्यार्थिनीची आजी त्यासमोर बराच वेळ उभी होती. साक्षरतेच्या वर्गात उतारवयात अक्षर ओळखायला शिकलेली ती बाई. त्रिशरण तिला मुखोद्गत होते. ती वाचत नव्हती, तोंडाने म्हटलेला शब्द फलकावरील अक्षरांशी जुळवून पाहत होती. मला हाक मारून तिने तिसऱ्या शब्दाकडे बोट दाखविले आणि विचारले, "गुर्जी, हे टिंब कुणाचं हाय?" पहिला अनुस्वार 'स' आणि 'घ' यांच्या मधोमध लोंबत होता आणि दुसरा शब्दाच्या बाहेर पडला होता. मी उत्तर दिले खरे, पण प्रश्न मनातून गेला नाही.

ज्याला इंग्रजीत बोल्ड इटॅलिक सॅन्स-सेरिफ म्हणतात, त्या ठशात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि तिन्हींचा जन्म निरनिराळ्या काळात झाला आहे. सर्वांत वडील तिरपा ठसा. व्हेनिस येथील मुद्रक आल्डस मानुशियस याने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य खिशात मावेल अशा लहान आकारात छापले. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो याने त्या काळच्या विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावरून झुकती, एकमेकांच्या जवळ बसणारी अक्षरे कोरली. म्हणजे मुळात तिरपे अक्षर जोर देण्यासाठी नव्हते. धावत्या हाताचे ते रूप होते आणि संपूर्ण पुस्तकच त्यात छापले जाई. उभ्या मजकुरात एखादा शब्द वेगळा दाखविण्यासाठी ते वापरण्याची प्रथा नंतरची.

बिनशेपटीचा ठसा बराच धाकटा. रोमन अक्षराच्या टोकांना जी बारीक आडवी शेपटे असतात त्यांना सेरिफ म्हणतात. ती काढून टाकलेला छापखान्याचा पहिला ज्ञात ठसा लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा याच्या १८१६ च्या नमुनापुस्तकात आढळतो. त्यात फक्त मोठी अक्षरे होती. कारखाने, जाहिराती, भित्तिपत्रके यांचा तो काळ होता. लांबून दिसणारे अक्षर हवे होते. त्याच गरजेतून जाड ठसा आला. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली याने क्लॅरेंडन नावाचा ठसा नोंदविला. साध्या मजकुराच्या शेजारी बसून एखादा शब्द उठावदार करण्याचे काम त्याने रूढ केले. शब्दकोशातील नोंदीचा मूळ शब्द आपण आज जाड ठशात पाहतो, ती त्याचीच देणगी.

हे तिन्ही गुण एका पद्धतशीर कुटुंबात बसविण्याचे श्रेय १९५७ या वर्षाला द्यावे लागेल. त्या वर्षी एड्रियन फ्रुटिगर या स्विस रचनाकाराचा युनिव्हर्स हा ठसा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुढे हेल्व्हेटिका नावाने जगभर गेलेला ठसाही स्वित्झर्लंडमध्येच निघाला. युनिव्हर्सच्या एकवीस भावंडांना फ्रुटिगरने नावांऐवजी क्रमांक दिले. पहिला अंक जाडीचा, दुसरा रुंदीचा व कलाचा. ५५ म्हणजे साधे उभे अक्षर, ५६ म्हणजे तेच तिरपे. ६५ जाड उभे, ६६ जाड आणि तिरपे. इतिहासाच्या शिक्षकाला सनावळीची सवय असते, म्हणून असेल कदाचित, पण मला ही योजना फार आवडते. अक्षराचे वजन आणि त्याचा कल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे तिच्यातून एका दृष्टिक्षेपात कळते.

या ठशाचे उपयोग कोणते? वेग, निकड आणि आव्हान दाखविणे, हे पहिले उत्तर. खेळाचे साहित्य, मोटारी, मालवाहतूक यांच्या पाट्यांवर तो सर्रास दिसतो, कारण झुकलेले अक्षर पुढे धावते आहे असे डोळ्याला वाटते. परंतु हा ठसा केवळ बाजारानेच वापरला असे नाही. अमेरिकन कलावंत बार्बरा क्रूगर हिने लाल पट्टीवर पांढऱ्या, जाड आणि तिरप्या फ्युच्युरा अक्षरांत सत्तेला व बाजाराला प्रश्न विचारणारी वाक्ये मांडली. स्त्रियांच्या शरीरावरील हक्काबद्दलचे तिचे १९८९ चे भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. जाहिरातीचेच अक्षर घेऊन तिने जाहिरातीवर उलटविले. तो फ्युच्युरा ठसा १९२७ मध्ये प्रसिद्ध करणारा पॉल रेनर हा जर्मन गृहस्थ नाझींच्या सांस्कृतिक धोरणाविरुद्ध पुस्तिका लिहिल्यामुळे १९३३ मध्ये अटकेत गेला होता, हे जाता जाता सांगितले पाहिजे. अक्षर रेखाटणारी माणसे राजकारणापासून दूर असतात, असे समजण्याचे कारण नाही.

दुसरा उपयोग आमच्या विज्ञान शिक्षकांनी माझ्या ध्यानात आणून दिला. उच्च गणितात व पदार्थविज्ञानात प्रदिश नावाची एक राशी असते. ती छापताना जाड, तिरपे आणि बिनशेपटीचे अक्षर वापरावे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा संकेत आहे. सदिश राशीसाठी जाड व तिरपे, पण शेपटीचे अक्षरही चालते. येथे ठशाचा भेद हा सजावटीचा नसून अर्थाचा आहे. म्हणूनच २००१ मध्ये युनिकोडने गणिती अक्षरांचा जो संच स्वीकारला, त्यात या ठशातील इंग्रजीच्या बावन्न लहानमोठ्या अक्षरांना स्वतंत्र स्थाने मिळाली. गंमत अशी की आज हीच गणिती चिन्हे उचलून पुष्कळ मुले मोबाइलवर आपली नावे झोकदार करतात. डोळ्यांना ते अक्षर दिसते, पण अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली त्याला गणिती चिन्हच समजते आणि नावाऐवजी चिन्हांची लांबलचक वर्णने वाचू लागते किंवा गप्प बसते. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर असली नावे बरीच आहेत. मराठीला ही सोय नाही, हे त्या दृष्टीने बरेच म्हणायचे.

आता आपल्या लिपीकडे वळू. देवनागरीत बिनशेपटीचे अक्षर म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्यासाठी मागे अशोकाच्या काळात जावे लागते. सम्राट अशोकाने आपल्या लेखांना स्वतःच धंमलिपि म्हटले. त्यातील ब्राह्मी अक्षरे पाहा : सर्व रेषा सारख्या जाडीच्या, टोके साधी, माथ्यावर काहीही नाही. एक उभी रेघ आणि तिला छेदणारी आडवी रेघ म्हणजे 'क', वर्तुळ म्हणजे 'ठ'. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ही बिनशेपटीची, एकसारख्या जाडीची लिपी आहे. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याचे छायाचित्र मी दरवर्षी नववीच्या वर्गात दाखवितो आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतेच, "सर, हे तर भूमितीसारखं आहे."

पुढे शाई आणि लेखणी आली. लेखणी प्रथम टेकते तेथे ठिपका उमटतो. तो ठिपका अक्षराच्या माथ्यावर स्थिरावला. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील लेखांत अक्षरांना अशी शीर्षचिन्हे दिसू लागतात. वाकाटकांच्या ताम्रपटांत तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी आहे. ही शीर्षचिन्हे रुंदावत, एकमेकांना भिडत गेली आणि अनेक शतकांनी आपली शिरोरेषा तयार झाली. म्हणून रोमन अक्षराचे शेपूट कापता येते तशी देवनागरीची शिरोरेषा कापता येत नाही. मुळात ते शेपूटच असले तरी आता ते घराचे आढे झाले आहे. सगळे अक्षर त्याला टांगलेले आहे. देवनागरीत बिनशेपटीचा ठसा याचा अर्थ एवढाच उरतो : बोरूच्या तिरक्या कापामुळे येणारा जाड-बारीक भेद काढून टाकलेले, सर्वत्र जवळजवळ सारख्या जाडीचे अक्षर. जुन्या ग्रंथांचे अक्षर बोरूचे आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक खिळे हे त्याचे सर्वोत्तम उदाहरण. एकजाड अक्षर पाट्यांवर, मथळ्यांत आणि पुढे संगणकाच्या पडद्यावर आले.

आणि तिरपेपणा? येथे मला मोडीची आठवण येते. बालबोध अक्षर पोथीचे, मुलांच्या पाटीचे, सावकाश काढायचे. मोडी कारभाराची, हात न उचलता भराभर लिहायची. जुनी कागदपत्रे पाहिली तर ओळ आधी आखलेली आणि अक्षरे उजवीकडे कललेली. व्हेनिसच्या ग्रिफोने रोमनच्या शेजारी जे धावते अक्षर बसविले, त्याची आपल्याकडील जागा मोडीची होती. विल्यम कॅरी याने श्रीरामपूर येथे १८१० मध्ये छापलेला मराठी कोश मोडी खिळ्यांत आहे. परंतु पुढे छापखान्याने बालबोध उचलली, मोडी दप्तरात राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतूनही गेली. दोघींची एका पानावर जोडी जमली असती तर मराठीला स्वतःचा खरा तिरपा ठसा मिळाला असता, असे माझे मत आहे. ते सिद्ध करता येणार नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत भूम, परंडा, कळंब हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि राजभाषा उर्दू होती. उर्दूची नस्तालीक लिपी अंगानेच उतरती. प्रत्येक शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली घरंगळतो. आमच्या आजोबांच्या पिढीने सरकारी कागद म्हणून जे पाहिले ते असे उतरत्या अक्षरांचे. ते वाचता येणारे गावात एक-दोघेच. बाकीच्यांनी अंगठा द्यायचा. न वाचता येणारे सुंदर अक्षर म्हणजे काय, हे त्या पिढीला कोणी शिकवायला नको होते.

मराठी छापखान्यात, म्हणजे शिशाच्या खिळ्यांच्या काळात, तिरपी देवनागरी फारशी नव्हतीच. जोर द्यायचा तर जाड ठसा, मोठा ठसा, एकेरी अवतरण किंवा शब्दाखाली रेघ. बाबासाहेबांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी. हे सारे खिळे जुळवून छापलेले, उभ्या अक्षरांचे काम. त्या लेखणीची धार अक्षराच्या कलावर अवलंबून नव्हती.

तिरपी देवनागरी आपण प्रथम पाहिली ती पेंटरच्या हातची. एस.टी. स्टँडवरच्या पाट्या, खव्याच्या दुकानांचे फलक, मालमोटारीच्या मागच्या फळ्या. पेंटर दोऱ्याने खडूच्या दोन रेषा मारी, मग कलाची एक रेघ आखून बाकीची अक्षरे तिच्या समांतर उभी करी. आमच्या गावचे एक वृद्ध पेंटर मला म्हणाले होते की मात्रा आणि टिंब ते शेवटी, मागे सरकून, डोळ्याने बघून देत. या 'डोळ्याने बघून' मध्येच सगळे शास्त्र आहे, आणि संगणकाने नेमके तेच सोडून दिले.

संगणकात अक्षर तिरपे करण्याचे बटण असते. ठशाचे खास रेखाटलेले तिरपे रूप उपलब्ध नसेल तर यंत्र उभे अक्षर फक्त ढकलते; पत्त्यांची गड्डी टेबलावर ठेवून तळहाताने बाजूला सरकवावी तसे. पाया जागेवर राहतो, वरचा भाग उजवीकडे जातो, पायाखालचा भाग डावीकडे. कल १२ अंशांचा धरला तर दर १० सेंटिमीटर उंचीमागे सुमारे २.१ सेंटिमीटर सरक येते. आमच्या फलकावरील अक्षर पायापासून शिरोरेषेपर्यंत ३० सेंटिमीटर होते आणि अनुस्वार सुमारे ३८ सेंटिमीटरवर. म्हणजे अनुस्वार आपल्या अक्षराच्या पायापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे गेला. सराईत वाचकाचा डोळा कलाच्या दिशेने तिरका खाली उतरतो व टिंबाचे घर शोधतो. नवशिक्या वाचकाचा डोळा सरळ ओळंब्यासारखा खाली येतो आणि शेजारच्या घरात पोहोचतो. आजीचा प्रश्न अगदी बिनचूक होता. रफाराचेही तेच : 'वर्गात' या शब्दातील रफार 'ग' सोडून 'ता'कडे कलतो. खाली 'बुद्ध' मधील उकार उलट दिशेला, डावीकडे जातो. रोमन लिपीत वर-खाली असे लोंबणारे फारसे नसते, म्हणून तिला ढकलणे सोसते. देवनागरी तर तीन मजली आहे.

जाडीवरही परिणाम होतो. हा प्रयोग मुलांकडून जरूर करवून घ्यावा. आलेख कागदावर 'ठ' चे वर्तुळ सारख्या जाडीच्या दुहेरी रेषेने काढा. नंतर प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या सुमारे एक-पंचमांश उजवीकडे सरकवून तेच वर्तुळ पुन्हा काढा. वर डावीकडची आणि खाली उजवीकडची रेषा बारीक झालेली दिसेल. वर उजवीकडची आणि खाली डावीकडची जाड. १२ अंशांच्या कलाला ४५ अंशांतील रेषा एका बाजूला सुमारे दहा टक्के बारीक होतात, दुसऱ्या बाजूला सुमारे अकरा टक्के जाड. एकजाड अक्षराचा एकजाडपणाच गेला. मुळात अक्षर जाड असेल तर आधीच चिंचोळ्या झालेल्या पोकळ्या आणखी बुजतात. 'द्ध', 'क्ष', 'ष्ट', 'ळ' यांची आमच्या फलकावर लांबून अक्षरशः ढेकळे दिसत होती.

याचा अर्थ तिरपी जाड देवनागरी वाईटच असते असा नव्हे. ती रेखाटावी लागते : कल कमी ठेवून, पोकळ्या मोकळ्या करून, जाडी पुन्हा जुळवून, अनुस्वार व रफार हाताने मागे घेऊन. इंडियन टाइप फाउंड्रीच्या पॉपिन्स या ठशात देवनागरी व रोमन दोन्ही आहेत. नऊ जाडींचे उभे आणि तिरपे मिळून अठरा प्रकार. उलट मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता हा ठसा सात जाडींत आहे, पण सारे प्रकार उभे. मला हा दुसरा निर्णय अधिक पटतो. विंडोजबरोबर घरोघरी आलेले मंगल हे अक्षर र. कृ. जोशी यांचे. कवी आणि सुलेखनकार असलेल्या या माणसाने संगणकातील भारतीय अक्षरांसाठी आयुष्याची अनेक वर्षे दिली. ठसा निवडताना आणखी एक पाहावे : 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा आहे ना. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी हीच रूपे ठरविली आहेत आणि आपल्या मुलांना आपण तीच शिकवितो. फलकावर मात्र बहुधा हिंदी वळणाचीच येतात.

माझी हरकत एवढीच होती. स्पर्धेच्या चषकावर, क्रीडासंघाच्या गणवेशावर, दुरून दिसायच्या दोन-तीन शब्दांच्या घोषणेत जाड तिरपे अक्षर शोभते. तेथे ते खुशाल वापरावे. सूचनाफलक, प्रवेशाचा अर्ज, वसतिगृहाचे नियम आणि ज्यांच्या घरात वाचणारी पहिलीच पिढी आहे अशांच्या हाती जाणारे प्रत्येक पान उभ्या, मोकळ्या अक्षरांत असावे.

मंडळाने मुखपृष्ठाचे अक्षर उभे केले. आतील क्रीडा विभागाचा मथळा मात्र तिरपाच ठेवला आहे आणि त्याला मी संमती दिली. तो फलक आम्ही गेल्या वर्षी उतरविला. त्या वृद्ध पेंटरनी सभागृहाच्या भिंतीवर ते तीन शब्द पुन्हा रंगविले, निळ्यावर पांढरे, उभे. शेवटची तीन टिंबे देण्यापूर्वी ते शिडीवरून उतरले, दाराजवळ जाऊन थांबले, बराच वेळ पाहत राहिले आणि मग पुन्हा चढले.